लांबून एकत्र काम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

मी बेळगावच्या टिळकवाडीत बसून नऊ जणांची एक टीम सांभाळतो. ओतीव भागांची आणि हायड्रॉलिक ब्लॉकची ड्रॉइंगं करणं हे आमचं काम. चौघं बेळगावात, दोघं पुण्यात, दोघं बेंगळुरात आणि एक जण निपाणीजवळच्या गावात. आपल्याकडची बरीच मुलंमुली आता घर न सोडता पुण्या-बेंगळुराच्या टीममध्ये काम करतात. त्यांच्याकडून, आणि बऱ्याचदा त्यांच्या आईवडिलांकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. संशोधनात सापडलेलं सांगतो, आणि आमच्यात घडलेलंही.

घरून काम करणं आणि व्हर्च्युअल टीम, दोन्ही एकच का?

नाही. व्हर्च्युअल टीम म्हणजे समोरासमोर न बसता फोन-कॉम्प्युटरवरून एकत्र काम करणारी टीम, मग माणसं कुठंही बसलेली असोत. आमच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात खाली मशीनशॉप आणि वर डिझाइनचं ऑफिस असतं. दोन्हीकडची माणसं दिवसभर फोनवरच बोलत असतील तर तीसुद्धा अर्धी व्हर्च्युअल टीमच झाली. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी इंजिनियर एकमेकांशी किती बोलतात ते मोजलं होतं. १९७७ साली त्यांनी मांडलेला आलेख प्रसिद्ध आहे. बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं, आणि पन्नास मीटरच्या पुढं गेलं की आणखी किती लांब याला फारसा अर्थच उरत नाही. तेव्हा बेंगळूर पाचशे किलोमीटरवर आहे ही खरी अडचण नव्हे. जाता-येता सहज कानावर पडायचं ते बंद झालं, ही अडचण. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

टीममधले दोघं-तिघं काही करतच नाहीत. घरी बसलं की माणूस आळशी होतो, असंच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

महालक्ष्मीच्या यात्रेत रथाचा दोर कधी धरलाय का? दोराला कितीतरी हात असतात. पुढचे जीव तोडून ओढतात, मधल्या कुणाचा पाय घसरत असतो, आणि काहींनी नुसता हात लावलेला असतो. त्या हाताची श्रद्धा खोटी नसते. पण आपण जोर लावला नाही तरी रथ हलणार, हे त्याला कळलेलं असतं.

मॅक्स रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं माणसांना दोरच ओढायला लावून हे मोजलं आणि १९१३ मध्ये छापलं. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाची ओढ एकट्यानं ओढताना होती त्याच्या जवळपास निम्म्यावर आली. यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक तर सगळ्यांचा हिसका एका वेळी बसत नाही. दुसरं म्हणजे मनातूनच जोर कमी होतो. १९७४ मध्ये ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागं आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. ती माणसं प्रत्यक्षात नुसती उभी होती. तरीही पुढच्याचा जोर कमी झाला. १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यांवर हेच दाखवलं. खरी कामाची गोष्ट दोन वर्षांनी, १९८१ मध्ये कळली: घोळक्यात असूनही तुमचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, की ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

ही गोष्ट मला पटली ती आमच्या स्वतःच्या ड्रॉइंगांवरून. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. कागदाच्या काळात तिथं सही असायची. सगळं सामाईक फोल्डरमध्ये गेल्यावर आम्ही त्या तिन्ही ठिकाणी टीमचं नाव घालू लागलो. हेतू चांगला होता, सगळे एक आहोत असं वाटावं म्हणून. सहा महिन्यांत तपासणी पातळ झाली. भोकाचा व्यास सुटलेला, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, मागच्या ड्रॉइंगमधून तसाच उचललेला. प्रत्येकाला वाटायचं, पुढचा बघेल. आम्ही पुन्हा माणसाचं नाव घालायला लागलो, बाकी काहीही बदललं नाही. दोन महिन्यांत तपासणाऱ्यांचे प्रश्न परत यायला लागले. माणसं तीच होती, म्हणून त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्टीव्हन कराऊ आणि किपलिंग विल्यम्स यांनी १९९३ मध्ये असे ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले. आपला वाटा ओळखू येतो, तो दुसरं कुणी भरून काढू शकत नाही, आणि काम आपल्याला महत्त्वाचं वाटतं, अशा ठिकाणी माणूस हात आखडत नाही. लांबच्या टीममध्ये या तिन्ही गोष्टी आपोआप घडत नाहीत. त्या कुणीतरी मांडून ठेवाव्या लागतात, आणि ते टीम सांभाळणाऱ्याचं काम आहे.

मग दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला लावला किंवा कीबोर्ड-माऊसवर पाळत ठेवली तर?

नको. यावर माझं मत ठाम आहे. कामावर नाव असणं वेगळं आणि माणसावर डोळा असणं वेगळं. माऊस मोजायला लागलात की माणूस माऊस हलवत बसतो. त्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात व्हिडिओ चालू ठेवायचा म्हटलं तर आवाजसुद्धा पोचत नाही. तिथल्या मुलीला बोलू द्यायचं की तिचा चेहरा बघायचा, ते ठरवा.

माझ्या टीममधले सगळे माझ्याहून हुशार आहेत. मी मागं पडते. काय करू?

१९२० च्या दशकात ओटो क्योलर यांनी बर्लिनच्या एका नौकानयन क्लबमधल्या खेळाडूंवर प्रयोग केले. दोघांनी मिळून वजन उचलत राहायचं, कमजोर जोडीदार थांबला की दोघांचंही काम थांबणार. असं असताना तो कमजोर गडी एकट्यानं जेवढा टिकला असता त्याहून जास्त टिकला. मात्र हा फायदा दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असतानाच सर्वांत जास्त दिसला. फरक फार मोठा असला की तो उरत नव्हता.

आपल्या बायकांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. भांगलणीला नवी पोर आली की तिला सगळ्यात चलाख बाईच्या शेजारची पात देत नाहीत. थोडीच पुढं असलेल्या मावशीच्या बाजूला बसवतात. पोर मावशीला गाठायला बघते आणि संध्याकाळपर्यंत हात बसतो.

तेव्हा तुमच्या लीडला, म्हणजे टीम सांभाळणाऱ्याला, सरळ सांगा की मला टीममधल्या सगळ्यात हुशार माणसाबरोबर नको, माझ्याहून दोन वर्षं पुढं असलेल्याबरोबर जोडा. आणि असा एक तुकडा मागून घ्या, जो तुम्ही दिल्याशिवाय पुढचं काम अडेल. लहान असला तरी चालेल. 'माझ्यावाचून अडतं' हे कळलेला माणूस वेगळ्या जोरानं बसतो.

बोलणं होतं, मेसेज होतात, तरी गैरसमज का?

आमचं 'होतंय की' प्रकरण सांगतो. सोमवारी पुण्याहून विचारणा आली, 'गुरुवारपर्यंत सेक्शन व्ह्यू (भाग कापल्यावर आत कसा दिसेल त्याची चित्रं) होतील का?' आमच्या वडगावच्या मुलानं लिहिलं, 'होतंय की.' पुण्यात त्याचा अर्थ लागला की काम सुरू झालंय, होत आहे. आपल्याकडं 'होतंय की' म्हणजे होण्यासारखं आहे, काळजी नको. तो बिचारा 'मग सुरू कर' या निरोपाची वाट बघत बसला. गुरुवारी संध्याकाळी पुण्याला फाईल हवी होती आणि इथं पहिली रेघही ओढलेली नव्हती. दोघंही खरं बोलले होते, दोघांनाही एकमेकांनी फसवलं असं वाटलं. भाषा एकच असली की धोका जास्त असतो, कारण अर्थ विचारायचं कुणाला सुचतच नाही.

त्यानंतर आम्ही कामाच्या मेसेजमध्ये 'बघतो', 'करूया', 'होतंय' हे शब्द थांबवले. तिथं कोण, काय, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत, एवढं लिहायचं. फोनवर हवं तसं बोला. सुरुवातीला मुलांना ते कोरडं वाटलं, कुणाला उद्धटही. आपल्याकडं थोरल्याला तोंडावर 'नाही जमणार' म्हणायची पद्धत नाही, म्हणून 'बघतो' म्हणतात. मग मी स्वतः आधी 'मला शुक्रवारपर्यंत जमणार नाही, सोमवारी दुपारी देतो' असं लिहायला लागलो. तेव्हा कुठं बाकीच्यांची भीड गेली.

मोठमोठ्यांचंही हे होतं. नासाचं मंगळाकडं गेलेलं एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हातचं गेलं. कोलोरॅडोतल्या एका टीमचं सॉफ्टवेअर पौंडाच्या मापात आकडे देत होतं आणि कॅलिफोर्नियातली टीम ते न्यूटनच्या मापात धरत होती. ड्रॉइंगवर मिलिमीटर की इंच हे लिहायचं राहिलं की मी मुलांना हीच गोष्ट सांगतो.

मी मेसेज टाकते आणि समोरून दोन दिवस काहीच येत नाही. राग आलाय असं समजायचं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी लगेच उत्तर दिलं नव्हतं. कारण त्याआधी काही महिने मी स्वतः नेमकी उलट्या बाजूनं हीच चूक केली होती.

खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यातली एक मुलगी आमच्याकडं होती. जुलै महिना. दिवसभर तिचं उत्तर यायचं नाही, आणि रात्री अकराला एकदम पाच-सहा मेसेज, तेही तुटक. पुण्यातले दोघं म्हणाले, तिला रस नाही. दहा दिवस मीही तेच धरून चाललो. मग एका दुपारी फोन लागला, तर मागं वारा नुसता घोंघावत होता. विचारलं, कुठं आहेस? म्हणाली, 'माळावर आलोय सर, इथंच रेंज येते.' घरी दोन-दोन दिवस वीज नव्हती. ती मोबाईल आणि लॅपटॉप चार्ज करायला नातेवाइकांकडं जायची, आणि छत्री धरून माळावर उभं राहून फाईल पाठवायची. आम्हाला का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, रोज रोज काय रडगाणं सांगायचं. आमच्या टीममध्ये त्या महिन्यात सगळ्यात जास्त कष्ट तिनं केले होते, आणि तिच्याच नावाला बट्टा लागत होता.

कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या टीमांचा असा अभ्यास मांडला. एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नाही हेही कळत नाही. मग समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ माणूस मनानं लावतो. परिस्थितीचा दोष स्वभावाच्या माथी मारला जातो. लांबच्या टीमा भांडतात त्या बहुतेक इथंच, असं माझं मत झालंय.

आमच्या सीमाभागात तर साध्या सुट्ट्यांचाही घोळ आहे. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी पुण्यात असते, इथं नसते. १ नोव्हेंबरला कर्नाटकात सुट्टी, पुण्यात कामाचा दिवस. पाडवा आणि युगादी तेवढा एका दिवशी येतो. अनंत चतुर्दशीला आमची मिरवणूक रात्रभर चालते, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेळगावकराकडून कसली अपेक्षा करता? ज्यांचं काम जर्मनीशी आहे त्यांच्यासाठी घड्याळही बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन तासांचं अंतर, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तासांचं.

म्हणून आमच्याकडं एक सामाईक पान आहे. त्यात प्रत्येकानं आपली परिस्थिती लिहायची: वीज कधी जाते, घरात कुणी आजारी आहे का, सुगी आहे का, गावची यात्रा कधी. ते रडगाणं नाही, कामाची माहिती आहे. आणि उत्तर तयार नसलं तरी 'मिळालं, उद्या दुपारी सांगते' एवढं लिहायचंच. तुमच्या दोन दिवसांच्या शांततेचं उत्तर हेच: मनानं अर्थ लावू नका, फोन करा.

मिटिंगमध्ये कुठल्या भाषेत बोलावं? माझी मराठी ऐकून पुण्याचे हसतात.

आपल्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यात ते रोजचं आहे. आमच्या एका मुलीनं मिटिंगमध्ये 'मी बघून सांगतो' म्हटलं आणि पुण्याच्या एका मुलाला हसू फुटलं. मनात काही नव्हतं त्याच्या. पण ती दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीत बोलायला लागली, मग कमी बोलायला लागली, आणि महिन्याभरात फक्त 'येस' आणि 'ओके' उरलं. त्याच महिन्यात एका ब्लॉकमधली चूक तिला दिसली होती आणि ती बोलली नाही, हे नंतर कळलं.

एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चूक मान्य केली, प्रश्न विचारला तर आपली शोभा होणार नाही, असा भरवसा ज्या टीममध्ये असतो ती शिकते आणि काम चांगलं करते. प्रत्यक्ष खोलीत कुणी हिरमुसलं तर शेजारच्याला दिसतं. स्क्रीनवर ते कुणालाच दिसत नाही. मी त्या मुलाशी एकट्याशी बोललो, त्यानं तिला स्वतः फोन करून माफी मागितली. ती परत मराठीत बोलायला लागली, 'सांगतो' असंच म्हणत.

लिहिताना आम्ही साधं इंग्रजी वापरतो, बोलताना ज्याला जे जमेल ते. आणि एक सांगतो: बेळगावच्या पोरांना मराठी, कन्नड, हिंदी येते आणि कामापुरतं इंग्रजीही. बेंगळूरचा एखादा पुण्याच्या माणसावर वैतागतो तेव्हा मध्ये आमचाच कुणीतरी कन्नडमध्ये दोन शब्द बोलतो आणि गाडी रुळावर येते. ही कामगिरी कुठल्याही रकान्यात लिहिली जात नाही. ती लिहिली गेली पाहिजे, पगारवाढीच्या वेळी मोजलीही गेली पाहिजे.

कधी न भेटलेल्या माणसावर भरवसा बसतो का?

बसतो, आणि बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्यांच्या टीमा पाहिल्या. त्यांचा लेख १९९९ चा. भरवसा टिकला तो ठरल्या वेळी नेमानं बोलणाऱ्या, समोरच्याच्या कामावर मनापासून उत्तर देणाऱ्या, न सांगता पुढाकार घेणाऱ्या टीमांत. म्हणून नव्या टीममध्ये गेलात की पहिल्याच आठवड्यात छोटं का होईना, एक काम कबूल केलेल्या वेळेच्या तासभर आधी द्या. असा भरवसा पटकन बसतो तसा पटकन उडतोही, एवढं ध्यानात असू दे.

मिटिंगा किती असाव्यात?

कमी. आणि नवी कल्पना हवी असेल तर आधी प्रत्येकानं लिहून पाठवायचं, मग बोलायचं. एक बोलत असताना बाकीच्यांच्या मनातलं विरून जातं, हे डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलंय. शिवाय लिहायला सांगितलं की गप्प बसणारी पोरं सगळ्यात चांगलं लिहितात, हा माझा अनुभव.

घरातले म्हणतात, घरीच आहेस ना, जरा गिरणीवर जाऊन ये.

त्यांचा दोष नाही. त्यांनी काम म्हणजे डबा घेऊन बाहेर पडणं असंच पाहिलंय. एकदा आईला शेजारी बसवून मिटिंग ऐकवा. मी ऐकवली. त्या दिवसापासून आई शेजारच्या काकूंना दारातूनच सांगते, 'त्याची मिटिंग चाललीय, मागनं या.' मुलींना मात्र हे इतकं सोपं जात नाही. पाहुणे आले की चहा तिनंच करायचा असतो. लीडनं हे ओळखून मिटिंगची वेळ ठरवावी, आणि भावांनी चहा करायला शिकावं.

बेळगावात राहून बढती मिळते का? डोळ्याआड गेलेलं माणूस विसरलं जात नाही का?

भीती खरी आहे. चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्के वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढती मिळायचं प्रमाण कमी राहिलं. आणि प्रयोग संपल्यावर निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परतले, कारण एकटं वाटत होतं. त्याच कंपनीत पुढं १,६१२ जणांवर, आठवड्याला दोन दिवस घरून, असा प्रयोग झाला. २०२४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत बढतीत फरक पडलेला नव्हता आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशानं घटले.

कायम घरून काम करणाऱ्यांनी म्हणून दर महिन्याला आपलं काम लिहून लीडला पाठवावं. त्याला फुशारकी म्हणू नका. दुसरं म्हणजे टीमबाहेर दोन-तीन ओळखी राखा. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या नोंदी पाहिल्या, तर सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले आणि गटागटांमधले दुवे कमी झाले, असं दिसलं.

वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटावं का?

भेटावं, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये नको, जिथं काम घडतं तिथं. गेल्या जानेवारीत आम्ही नऊही जण बेळगावात जमलो. कुंदा खाऊन झाला, राजहंसगडाचा किल्ला पाहून झाला. पण मला आठवतो तो उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, अर्धा तास. बेंगळूरचा आमचा मुलगा तीन वर्षं ओतीव भागांची ड्रॉइंगं करत होता, वितळलेल्या धातूचा रस ओतताना त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं काढलेल्या एका भागाची पातळ बरगडी नेहमी अर्धवट भरून यायची, आणि ड्रॉइंग परत गेलं की त्याला वाटायचं, इथले लोक उगीच खोड काढतात. त्या दिवशी साचा फोडल्यावर ती तुटकी कड त्यानं हातात घेऊन पाहिली. तिथं साचे बनवणाऱ्या मोल्डरमामांना कन्नडमध्ये विचारलं, किती जाड हवी? मामांनी उत्तर दिलं नाही, करंगळी आडवी धरून दाखवली. त्यानं खिशातून बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढून मामांची करंगळी मोजली.

पुढच्या आठवड्यात त्याचं ड्रॉइंग आलं. बरगडी जाड झाली होती, आणि चौकटीत त्याच्या नावाखाली एक ओळ होती: 'हे भरेल का, मामांना विचारून सांगा.'